नावातला कावळा

भाद्रपद अर्धा सरला की लोणावळ्यात आमच्या इमारतीतल्या लोकांना कावळ्यांचा भारी पुळका येतो. वर्षभर ज्याला काठीने हाकलायचं, त्याच्यासाठी गच्चीवर केळीचं पान मांडतात. पानावर भाताची मूद, वडा, खीर, आणि मग चांगली शिकली-सवरलेली माणसं आभाळाकडे तोंड करून ‘काऽव काऽव’ ओरडतात. कावळा पाण्याच्या टाकीवर बसून मान तिरकी करून सगळं बघतो. या पंधरवड्यात आपल्याला घाई करायची गरज नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मला हसू येतं, पण ते टिकत नाही. कारण याच दिवसांत माझ्या डोक्यात दुसराच एक पक्षी येऊन बसतो. तोही काळा. त्याच्याही नावात कावळा आहे. पण तो कावळा आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मी शाळेत मराठी शिकवते.

आबांची, माझ्या वडिलांची, तिथी असली की मी सकाळीच दुधिवरे खिंडीतून गावाकडे निघते. आमचं गाव पवनानगरच्या पुढे, तिकोण्याच्या पायथ्याला. खिंडीत गाडीच्या काचेला ढग चिकटलेला असतो आणि पलीकडे उतरलं की एकदम उजेड. वर सोनकी पिवळी, तिच्या खाली तेरडा गुलाबी, आणि सगळ्यात खाली खाचरांत नुकतंच निसवलेलं भात. इंद्रायणी भाताला लोंब्या आल्या की वाऱ्यालाच वास येतो. शिजलेल्या भाताचा नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा, कोवळा, दुधाळ. तो वास आला की मला भूक लागते आणि रडू येतं. आधी काय होतं ते मला सांगता येणार नाही. आबा गेले तेव्हा हाच वास होता, आणि घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती.

आमच्या परसातल्या तळ्याला तळं म्हणतात ते आबांच्या शब्दाला मान देऊन. खरं तर तो खड्डा. घर बांधताना जोत्यात भरायला जिथली माती काढली, तिथे पावसाचं पाणी साचलं आणि आबांनी तो बुजवायचं नावच काढलं नाही. कडेने दगड लावले. एका अंगाला मोठा सपाट दगड टाकला. मधोमध एक बांबू रोवला. बांबू कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “पानी किती हाय ते कळतं.” पाणी किती आहे हे कळून त्यांना काय करायचं होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे धरणावर मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी माशांचं बी आणून त्यात सोडलं. आबा माळकरी. मासा त्यांनी कधी ताटात घेतला नाही आणि आपल्या तळ्यातला दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की रात्रीचा उरलेला भात वाटीत घेऊन त्या सपाट दगडावर उकिडवे बसायचे आणि चिमटीचिमटीने पाण्यात टाकायचे. त्यांची सावली पाण्यावर पडली की मासे गोळा व्हायचे. आई चुलीपाशी बसून म्हणायची, “मला कदी इचारलं न्हाई, भाकर खाल्ली का म्हून. माशास्नी न्याहारी मातुर येळच्या येळंला.” आबांना ते ऐकू जायचं. ते आणखी एक चिमूट टाकायचे.

दत्ता माझा धाकटा भाऊ. घर, शेत, आई, सगळं तोच बघतो. धरणाच्या काठाने एकेक करत तंबू उभे राहिले, तसे ते दत्ताच्या डोक्यातही उभे राहिले. शनिवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, रात्रभर गाणी लावतात, कोंबडी भाजतात आणि रविवारी दुपारी जांभया देत परत जातात. आमच्या परसातून समोर तिकोणा दिसतो. मोठं झाड नाही, वरून विजेची तार नाही. मध्ये आडवा येतो तो एवढा एक खड्डा. “खायचं न्हाई, इकायचं न्हाई, शेताला पुरत न्हाई,” दत्ता म्हणायचा, “मंग ठेवायचं कशाला?” यावर आबांकडे उत्तर नव्हतं. “पान्यावर माती टाकायची न्हाई,” एवढंच ते म्हणायचे. मला वाटतं, आपल्यापाशी उत्तर नाही हेच त्यांना जास्त लागलं असावं. दत्ताचं चुकत होतं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पोटापाण्याचं बघणारा तो, आणि सणावाराला येऊन तळ्याकाठी फोटो काढणारी मी.

शेवटच्या वर्षात बापलेक एकमेकांशी फक्त आईच्या तोंडून बोलायचे. दोघं एकाच ओट्यावर बसलेले असायचे. “त्याला म्हनाव, मोटर बंद कर.” “त्यास्नी म्हनाव, केली.” आई मध्ये तांदूळ निवडत बसलेली असायची. ती मानसुद्धा वर करायची नाही, कारण निरोप पोचायला तिची गरज नव्हती. आणि अशातच एका सकाळी आबा वाटी घेऊन तळ्यावर जायला उठले आणि ओट्यावरच परत बसले. बसले ते बसलेच. दत्ताने त्यांना धरलं तेव्हा ते त्याच्याशी काही बोलले का, हे मी त्याला विचारलेलं नाही.

दशक्रिया खरं तर नदीवर व्हायची. पण त्या आठवड्यात धरणाचे दरवाजे उघडलेले, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, आणि पाण्याला अशी ओढ की कडेला उभं राहायचीही सोय नव्हती. गुरुजी म्हणाले, “घरचं तळं आहे ना? पाणी असलं म्हणजे झालं.” म्हणून सगळा गाव आमच्या परसात जमला. पांढऱ्या टोप्या, ओल्या छत्र्या, चिखलात रुतलेल्या चपला. पिंड मांडले ते नेमके त्या सपाट दगडावर, कारण तेवढीच एक कोरडी जागा होती. भाताची शितं ओघळून पाण्यात पडत होती आणि मी ती बघत होते. दुसरीकडे कुठे बघावं, ते मला सुचत नव्हतं.

आणि कावळा येईना. वार रविवार होता, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. रविवारी आमच्याकडे गावात कावळा राहत नाही. शनिवारच्या रात्रीची हाडं आणि सकाळचे पाव-ऑम्लेट सोडून पिंडाला शिवायला कोण येणार? सगळे धरणाच्या काठाला, तंबूंपाशी. घटका गेली. छत्र्यांखाली कुजबुज सुरू झाली. “कायतरी मनात ऱ्हायलंय त्येंच्या,” एक बाई म्हणाली. मग सुरू झालं ते अशा वेळी सगळीकडे होतं तेच. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते एकेकाने ओळखायचं आणि हात जोडून कबूल करायचं.

आई म्हणाली, “माजी काळजी करू नगा. मला हितं समदं हाय.” काही नाही. मी म्हटलं, “आबा, सणाला आईला एकटी ठेवणार नाही.” काही नाही. शेजारचे बबनभाऊ, ज्यांचं आणि आबांचं बांधावरून आयुष्यभर वाजलं, ते पुढे आले आणि टोपी काढून म्हणाले, “आबा, तुमच्या बांधाला आता हात लावनार न्हाई. देवाशपत.” त्या दुःखातही चार माणसं तोंड फिरवून हसली. कावळा मात्र नाही. मग सगळ्यांच्या नजरा दत्ताकडे वळल्या. आबांच्या मनात काय राहिलं असणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

दत्ता पुढे झाला. डोकं तुळतुळीत, पंचा ओला. त्याने हात जोडले. “आबा,” तो म्हणाला आणि थांबला. मला आठवतं, मी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं आणि मनातल्या मनात त्याला पुढचे शब्द सांगत होते. “आबा, तळं...”

तेवढ्यात दगडाला लागून पाणी फुटलं. एक काळी लांब मान वर आली, चोचीत आडवा धरलेला बोटभर मासा. आम्ही पन्नासेक माणसं हाताच्या अंतरावर उभी, आणि तो पक्षी आमच्याकडे न बघता दगडावर चढला. त्याचे पाय बदकासारखे पडद्याचे. त्यातला एक त्याने सरळ मधल्या पिंडावर ठेवला. मासा उभा करून गिळला. तो गळ्यातून खाली जाताना सगळ्यांना दिसला. मग त्याने दोन्ही पंख फाकवले, दोरीवर धुणं वाळत घालतात तसे, आणि पिंडावरचा पाय न काढता तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. पाणकावळे धरणावर पैशाला पासरी. माणूस दिसलं की बुडी मारून पार पलीकडे निघणारा हा पक्षी. तो का उभा राहिला, ते मला माहीत नाही. मी तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यात काही ओळखीचं होतं असं मी म्हणणार नाही, कारण नव्हतं.

“शिवला!” मागून कुणीतरी ओरडलं. “आरं शिवला!”

“कोन शिवला? त्यो पानकावळा हाय.”

“मंग? कावळाच न्हवं का?”

“आरं पन त्यानं चोच कुटं लावली? पाय दिला.”

गुरुजींच्या हातात दर्भ होते. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून लावतात, तो त्यांनी अर्धा वळत आणला होता. कामशेतला त्यांची दुसरी दशक्रिया होती आणि कमरेचा फोन सारखा वाजत होता. त्यांनी पक्ष्याकडे बघितलं, हातातल्या दर्भाकडे बघितलं. “नावात कावळा आहे,” ते म्हणाले. “शिवला म्हणा.” सगळ्यांनी हात जोडले. त्या गलबल्याने पक्षी बिथरला आणि पाण्यावरून धावत-धावत उडाला. त्याच्या पायाच्या पडद्याला चार शितं चिकटली होती, ती मला अजून दिसतात. दत्ताचं वाक्य मात्र तसंच राहिलं. लोक चपला शोधायला लागले, आणि तो हात जोडून दगडाकडे बघत उभा होता.

तेव्हापासून मी ही गाठ सोडवते आहे. पाणसाप हा साप असतो. पाणघोडा हा घोडा नसतो. पाणमांजर मांजर नसतं, रानमांजर मात्र मांजरच असतं. पाणकोंबडी कोंबडी नव्हे, पण बबनभाऊंच्या मते रस्सा केला की फरक कळत नाही. म्हणजे ‘पाण’ लागल्यावर मूळ जनावर राहतं की जातं, याला नियम नाही. एकदा मी हे वर्गात विचारलं. पाठ बाजूला ठेवून तासभर वाद झाला आणि शेवटी एक मुलगी म्हणाली, “बाई, मग पाणबुडी कोण?” तास तिथेच संपला. ‘शिवणं’ या शब्दाकडे वळावं तर तोही हात वर करतो. चोचीने की पायाने, मुद्दाम की चुकून, हे ‘शिवला’ या शब्दात कुठेच नाही. आणि ‘तळं’ हे नपुंसकलिंगी एकवचन. त्याच्यापुढे कुठलंही क्रियापद चालतं.

साधा अर्थ लावायचा तर तोही लागतो. वर्षानुवर्षं आबांनी त्या दगडावरून भात टाकला. त्या दिवशी पिंडाची शितं पाण्यात पडली, सवयीने मासे गोळा झाले, माशांच्या मागे तो आला. म्हणजे त्याला आबांनीच बोलावलं असंही म्हणता येतं, आणि कुणीच बोलावलं नाही असंही. मी दोन्ही म्हणून बघितलं आहे. दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्हींनी समाधान होत नाही.

आईला मात्र समाधान हवं असतं. दर वर्षी तिथीला, मी चपला काढायच्या आत, ती मला एका बाजूला घेते. “मंगल, त्यो कावळ्यात धरत्यात का गं? पानकावळा?” मी तिच्याकडे बघते. तिची मान आता जरा हलते. आबा अजून कुठेतरी मध्येच अडकून पडलेत, ना इथे ना तिथे, हा घोर तिला आतून खातो. “धरतात आई,” मी म्हणते, बाईंच्या आवाजात. “कावळाच तो. पाण्यातला.” “नक्की?” “नक्की.” मग ती दोन पानं वाढते. एक कौलांवर ठेवायला, एक तळ्यावरच्या दगडावर. दोन्ही पानं कावळेच खातात. पाणकावळा भाताला तोंड लावत नाही.

मी हे तिच्या समाधानासाठीच म्हणत होते असंही नाही. माझा हिशेब सोपा होता. दत्ता म्हणणार होता, ‘तळं बुजवणार नाही’. आबांनी ते पूर्ण व्हायच्या आधीच ओळखलं, आणि जे मिळेल ते पाखरू धाडलं. पुराव्याला तळं होतंच की. आबांना जाऊन तीन-चार वर्षं झाली, दोन्ही बाजूंच्या जागांवर तंबू आले, दत्ता दर साल “दिवाळी झाल्यावर बगू” म्हणत राहिला, आणि तळ्यात एक घमेलं माती पडली नाही. शब्द दिलेला माणूस दुसरं काय करतो?

यंदा आई पानं वाढत होती तेव्हा मी मागे गेले. पाऊस थांबला होता, तिकोणा अर्धा ढगात. बांबूवर एक पाणकावळा पंख फाकवून बसला होता. तोच की दुसरा, कुणाला ठाऊक. आणि सपाट दगडावर दत्ता उकिडवा बसला होता. हातात वाटी. चिमटीने भात पाण्यात टाकत होता. पाठमोरा तो इतका आबांसारखा दिसला की माझ्या तोंडून हाक येता येता राहिली. तो हे रोज करतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी शेजारच्या दगडावर बसले. विचारायचं नाही म्हणत होते, पण विचारलंच. “दत्ता, त्या दिवशी तू काय म्हणणार होतास रे?”

“तुला काय वाटतं?”

“तळं बुजवणार नाही.”

तो हसला. मोठ्याने नव्हे, नाकातल्या नाकात. “न्हाई ताई. मी म्हननार व्हतो, आबा, तळं बुजवतो, पन माज्यावर राग धरू नगा.”

घरात शिरतानाच मी आईला ‘नक्की’ म्हणून आले होते. “म्हणजे मग तो शिवला तो...”

“म्हंजे आबा व्हय म्हनले,” दत्ता म्हणाला. “कावळा आसंल तर.”

“आणि नसेल तर?”

“नसंल तर काय? रुसूनच गेलेत. रुसून गेलेल्या मानसाच्या पान्यावर माती टाकायची का मी?” त्याने आणखी एक चिमूट टाकली. पाण्यात खालून काहीतरी वळलं. “तू मराठी शिकवतीस. आईला दर साली सांगतीस, कावळाच हाय म्हून. मंग मला बी सांग की एकदा. कावळा म्हन, उद्या जेसीबी बोलावतो.”

तो चेष्टा करत होता की नाही, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून शोधत राहिले. दोन्ही दिसत होतं. इतकी वर्षं मी त्या पक्ष्याला कावळा करायला धडपडत होते. आबा सुटावेत म्हणून. आता तो कावळा ठरला तर आबा सुटले, आणि तळं गेलं. नाही ठरला तर तळं राहिलं, आणि आबा कुठे, कुणास ठाऊक. मला दोन्ही हवं होतं. मला आबा सुटायलाही हवे होते आणि याच दगडावर रोज सकाळी बसायलाही हवे होते. इतकं वय झालं तरी मला हे एवढंसं ठरवता येत नाही याचं वाईट वाटलं. बांबूवरच्या पक्ष्याने पंख मिटले, पुन्हा उघडले.

“अजून नक्की नाही,” मी म्हटलं. “बघून सांगते.”

“बग की,” दत्ता म्हणाला. “सावकाश बग. घाई न्हाई.”

तेवढ्यात मागच्या दारात आई आली. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात दगडावर ठेवायचं पान. मघाचं माझं उत्तर तिला पुरलं नव्हतं. दर वर्षी एकदा विचारते, यंदा दुसऱ्यांदा. तिथूनच तिने हाक दिली. “मंगल, धरत्यात न्हवं गं त्याला? कावळाच ना त्यो?”

दत्ता माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

“धरतात आई,” मी मोठ्याने म्हटलं. “कावळाच तो.”

आईची मान हलायची क्षणभर थांबली. ती पायरी उतरून पान घेऊन हळूहळू आमच्याकडे यायला लागली. दत्ताने वाटीतली उरलेली शितं पाण्यात झटकली, वाटी तळ्यात विसळली आणि आईला हात द्यायला उठला.

“मला काय ऐकू आलं न्हाई,” तो म्हणाला.